जुळणारे क्रमांक आणि संमिश्र वस्तूचे सत्य

१

एखादी वस्तू कालांतरानेही 'तीच' राहिली आहे असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो, हा तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न आहे. साहित्यविचारात तो संहितेच्या अस्सलपणाचा प्रश्न म्हणून अवतरतो. मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कोणता, शुद्ध प्रत कोणती, आणि शुद्ध करताना नेमके काय घडते, अशी त्याची रूपे आपल्या परिचयाची आहेत. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न साहित्याबाहेरील एका वस्तूच्या, जुन्या लष्करी रायफलीच्या, संदर्भात मांडण्याचा प्रयत्न आहे. ही निवड वैचित्र्यासाठी केलेली नाही. रायफल ही सुटे भाग एकमेकांच्या जागी बसावेत अशा हेतूने घडवलेली वस्तू आहे; त्यामुळे तिचे संमिश्र होणे तिच्या रचनेतच अभिप्रेत असते. दुसरे असे की, तिच्या जवळजवळ प्रत्येक भागावर काही ना काही कोरलेले असते : कारखान्याची खूण, वर्ष, क्रमांक, तपासनिसाचा शिक्का, सैन्याच्या मालकीचे चिन्ह. या अर्थाने ती अक्षरशः एक लिखित वस्तू आहे. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे ती मारण्यासाठी बनवलेली आहे. तिच्या भूतकाळाचा प्रश्न त्यामुळे केवळ ज्ञानाचा प्रश्न राहत नाही, तो नैतिक प्रश्न होतो.

जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांत एक आदर्श रूढ आहे. नळी, बोल्ट, कुंदा आणि मॅगझिन यांच्यावरील क्रमांक एकच असतील तर ती रायफल 'जुळणारी' मानली जाते, आणि तिचे मोल वाढते. वेगवेगळे क्रमांक असलेली रायफल 'मिश्र' ठरते आणि तिचे मोल घटते. या व्यवहारात शुद्धतेची एक संपूर्ण मीमांसा गृहीत धरलेली आहे. जे एका वेळी, एका ठिकाणी, एका हाताखाली निर्माण झाले ते अस्सल. ज्यात नंतरच्या काळाचा हात लागला ते भ्रष्ट. आपल्याकडे पाठचिकित्सेचा ज्यांना परिचय आहे त्यांना ही भाषा अनोळखी वाटणार नाही. या मीमांसेला विरोध करणे सोपे आहे. मिश्रतेचा गौरव करून मोकळे होणे त्याहून सोपे आहे. परंतु प्रश्न मिश्र बरे की शुद्ध बरे असा नसून, वस्तूच्या अंगावरील खुणांशी कोणत्या प्रकारचा व्यवहार प्रामाणिक म्हणता येईल, असा आहे.

२

विवेचनासाठी एक निश्चित उदाहरण घेऊ. फिनलंडच्या सैन्याने १९३९ मध्ये स्वीकारलेली 'एम/३९' ही रायफल साको, टिक्का आणि 'व्हीकेटी' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा सरकारी रायफल कारखाना यांनी तयार केली. अशा सुमारे एक लाख रायफली बनल्या, त्यांपैकी बहुतेक १९४५ पर्यंत. तिची नळी फिनलंडमध्ये घडवलेली असते आणि नळीच्या मागील टोकावर कारखान्याची खूण, वर्ष व क्रमांक हे सारे स्पष्ट दिसते. पुष्कळदा शेजारी चौकटीत 'एसए' ही अक्षरे असतात. 'सुओमेन आर्मेइया', म्हणजे फिनलंडचे सैन्य, असा त्यांचा अर्थ आहे. वरवर पाहणाऱ्याला ही एका छोट्या राष्ट्राने आपल्या रक्षणासाठी घडवलेली, संपूर्णपणे स्वदेशी वस्तू वाटेल.

परंतु दोन स्क्रू काढून लाकडी कुंदा वेगळा केला, की रिसीव्हरच्या मागच्या जिभेची खालची बाजू उघडी पडते. नळी, बोल्ट आणि कुंदा यांना एकत्र धरून ठेवणारा जो पोलादी मध्यभाग, तो रिसीव्हर. या जिभेवर एरवी कधीच न दिसणारी दुसरी तारीख असते. ती १८९६ असू शकते, १९०५ किंवा १९१५ असू शकते. आणि तिच्याजवळ धनुष्यबाणाची खूण असेल तर तो रिसीव्हर झारशाही रशियाच्या इझेव्स्क येथील कारखान्यात बनलेला असतो. याचे कारण असे की, फिनलंडने या जातीच्या रायफलींसाठी स्वतःचे रिसीव्हर कधी बनवलेच नाहीत. १८९१ मध्ये रशियन सैन्याने स्वीकारलेली, कॅप्टन सर्गेई मोसिन आणि बेल्जियन शस्त्रकार लेओन नागाँ यांच्या नावांनी पुढे ओळखली गेलेली जी 'तीन-रेषा' रायफल, तिचेच रिसीव्हर घेऊन फिनिश कारागिरांनी त्यांना नव्या नळ्या बसवल्या.

हे रिसीव्हर फिनलंडपर्यंत पोहोचले ते मार्गही एकसारखे नव्हते. १८०९ पासून फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता. डिसेंबर १९१७ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि १९१८ च्या जानेवारीत तेथे 'गोरे' आणि 'तांबडे' यांच्यात यादवी युद्ध पेटले. रशियन छावण्यांतील शस्त्रे दोन्ही पक्षांच्या हाती आली. पुढील दोन दशकांत फिनलंडने इटलीसह अनेक देशांकडून आणखी मोसिन रायफली मिळवल्या. त्यांतील काही पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीने किंवा जर्मनीने रशियनांकडून हस्तगत केलेल्या होत्या; त्यामुळे त्यांवर त्या सैन्यांचेही शिक्के आढळतात. काही मुळातच रशियाबाहेर बनलेल्या होत्या. १८९० च्या दशकात फ्रान्समधील शातेल्रो येथे रशियासाठी सुमारे पाच लाख रायफली तयार झाल्या, तर पहिल्या महायुद्धात रशियाने अमेरिकेतील रेमिंग्टन व न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस या कंपन्यांकडे तीस लाखांहून अधिक रायफलींची मागणी नोंदवली होती. शेवटी, ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या हिवाळी युद्धात आणि १९४१ ते १९४४ च्या युद्धात सोव्हिएत सैन्याकडून हस्तगत झालेल्या रायफलीही याच प्रवाहात मिसळल्या.

आता एकाच 'एम/३९' मध्ये काय काय एकत्र येऊ शकते ते पाहू. झारच्या काळातला रिसीव्हर, १९४२ ची फिनिश नळी, सोव्हिएत तारा उमटवलेला बोल्ट, आणि दोन तुकडे बोटांसारखे एकमेकांत अडकवून सांधलेला बर्च लाकडाचा कुंदा. ज्या सैन्याविरुद्ध ती रोखली गेली त्याच्याच पूर्वजांनी तिचा मध्यभाग घडवला होता. हिवाळी युद्धातील प्रसिद्ध नेमबाज सिमो हैहा याने जी 'एम/२८-३०' जातीची रायफल वापरली तीही याच कुळातली. ज्यावर सारे भाग आधारलेले असतात तो भाग त्याही जातीत बाहेरूनच आलेला होता.

यातली कोणतीही गोष्ट लपवलेली नव्हती, पण कोणतीही मिरवलेलीही नव्हती. जुनी नळी काढताच तिच्यावरील दुतोंडी गरुड आणि मूळ कारखान्याचे नाव नळीबरोबर गेले. जिभेखालची तारीख राहिली, कारण ती पुसण्याची कोणाला गरज वाटली नाही. बोल्टवरील क्रमांक नळीशी जुळत नसेल तर फिनिश शस्त्रागारांनी पुष्कळदा तो तसाच राहू दिला. संहितेच्या परिभाषेत सांगायचे तर, येथे संपादक आहे, पण त्याला आपली आवृत्ती मूळ म्हणून खपवायची नाही. त्याला चालणारी वस्तू हवी आहे.

३

अशा वस्तूला 'एक' म्हणावे काय? येथे आपल्या परंपरेतील दोन उत्तरे चटकन आठवतात. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन राजाला त्याच्या रथाविषयी विचारतो : दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते, आणि 'रथ' हे या भागांच्या आधाराने होणारे केवळ नामकरण आहे असा निष्कर्ष निघतो. न्याय-वैशेषिकांची भूमिका याच्या उलट आहे. अवयवांहून वेगळा असा अवयवी खरोखरच अस्तित्वात असतो. तो अवयवांत समवायाने राहतो. मात्र या भूमिकेची किंमतही त्यांनी मोजली. अवयव बदलला तर जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो असे त्यांना मान्य करावे लागले. पाश्चात्त्य परंपरेत प्लूटार्कने सांगितलेले थीसियसचे जहाज आणि हॉब्जने त्यात घातलेली भर, म्हणजे काढलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कोणी दुसरे जहाज बांधले तर मूळ जहाज कोणते, हा प्रश्न सर्वपरिचित आहे.

शस्त्रागारात हॉब्जची कल्पना रोजचा व्यवहार होते, आणि तीही अधिक गुंतागुंतीची. एका रायफलीचे काढलेले भाग एकत्र राहत नाहीत. ते वेगवेगळ्या पेट्यांत पडतात आणि वेगवेगळ्या रायफलींत जातात. दोन जहाजांचा वाद येथे शेकडो जहाजांचा होतो, आणि कोणत्याही एका ठिकाणी 'मूळ' पुन्हा गोळा होत नाही. महाभारताच्या प्रती तपासताना विष्णु सीताराम सुकथनकर यांना हीच स्थिती भेटली होती. प्रतींचा परस्परांशी इतका संकर झालेला होता की, युरोपीय पद्धतीचा निर्दोष वंशवृक्ष काढता येणार नाही हे त्यांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत मान्य केले.

कायद्याला मात्र नागसेनाइतके थांबता येत नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक-नियंत्रण कायद्याने १८९८ वा त्यापूर्वी निर्माण झालेल्या बंदुकीला 'पुरातन' मानून अनेक बंधनांतून वगळले, आणि बंदूक म्हणजे तत्त्वतः तिचा रिसीव्हर, अशी व्यवस्था केली. परिणाम असा की, जिभेखाली १८९७ ही तारीख असलेली 'एम/३९', नळी १९४४ ची असली तरी, तेथे पुरातन वस्तू ठरते. ज्या जातीचा आराखडाच १९३९ चा आहे ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातली! हे हास्यास्पद म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. कायद्याने अनेक अवयवांपैकी एकाला अवयवीचा प्रतिनिधी नेमले, एवढेच. साहित्याच्या अभ्यासात आपणही हे सतत करतो. लेखकाचे नाव, प्रथम आवृत्तीचे वर्ष, हस्ताक्षरातली प्रत यांपैकी एकाला आपण रिसीव्हरचा मान देतो आणि उरलेले सारे त्याला जोडलेले मानतो. निवड करावी लागते, हे खरे. पण ती निवड आहे हे विसरले जाते तेव्हा ती तत्त्वमीमांसा होऊन बसते.

तरीही या तात्त्विक उत्तरांत एक उणीव राहते. रथाच्या चाकावर काही लिहिलेले नव्हते. नागसेनाच्या युक्तिवादात अवयव मुके आहेत. रायफलीचे अवयव बोलतात, आणि एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. म्हणून तिच्या बाबतीत 'एक की अनेक' हा प्रश्न पुरेसा नाही. ती आपल्या अनेकपणाविषयी खरे सांगते की खोटे, हेही विचारावे लागते.

४

येथे क्रमांकाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. सुट्या भागांची अदलाबदल हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच लष्करी अभियंत्यांचा आदर्श. ऑनोरे ब्लाँ या शस्त्रकाराच्या कार्यशाळेत थॉमस जेफरसन यांनी १७८५ मध्ये सुटे भाग हाताला येतील तसे उचलून बंदुकीचे चाप स्वतः जुळवून पाहिले होते. हा आदर्श पूर्णपणे साध्य झाला असता तर भागांवर क्रमांक घालण्याची गरज उरली नसती. कोणताही बोल्ट कोणत्याही रायफलीत चालला असता. प्रत्यक्षात बोल्टचे तोंड आणि काडतूस बसते ती पोकळी यांतील अंतर अतिशय नेमके असावे लागते. ते चुकले तर काडतूस फुटून वापरणाऱ्यालाच इजा होते. म्हणून बोल्ट बसवून, तपासून, त्यावर त्या रायफलीचा क्रमांक घालत. क्रमांक म्हणजे वस्तूच्या शुद्ध जन्माचा दाखला नव्हे. 'हे दोन भाग एकत्र तपासले आहेत' अशी ती एका कारागिराची ग्वाही आहे.

ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे नंतरच्या काळातील क्रमांक-बदलांकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी फार मोठ्या प्रमाणावर रायफली गोळा करून सुट्या केल्या, साफ केल्या आणि हाताशी असलेल्या भागांतून पुन्हा जुळवल्या. बोल्टवरील जुना क्रमांक कधी घासून काढला, कधी त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी नवा क्रमांक ठोकला. जर्मनांकडून हस्तगत झालेल्या माउझर रायफलींवर तर विजेच्या लेखणीने नवे क्रमांक चक्क हाताने लिहिलेले दिसतात. संग्राहक याला 'सक्तीने जुळवलेले' म्हणतात, आणि त्या शब्दात दोषारोप आहे. वास्तविक त्या कारागिराने कोणाला फसवले? त्याचा वाचक पुढचा सैनिक होता, आणि त्या सैनिकाला त्याने खरे तेच सांगितले : हा बोल्ट या नळीत तपासला आहे. हीच कृती आज एखादा विक्रेता करतो, जुन्या वळणाचे आकडे बनवून न जुळणाऱ्या बोल्टवर ठोकतो, तेव्हा तिचा अर्थ उलटतो. पोलाद तेच, आकडा तोच, हातोड्याचा घावही तसाच; पण वाचक बदलला आणि त्याला दिलेले विधान खोटे झाले. खुणेचे सत्य खुणेत नसते, ती कोणाला उद्देशून केली आहे या संबंधात असते.

राज्यसंस्था खुणा पुसते तेव्हा तिसरा प्रकार संभवतो. १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीच्या वेळी असंख्य अरिसाका रायफलींवरील सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह घासून टाकण्यात आले. सम्राटाचे चिन्ह शत्रूच्या हाती पडू नये ही त्यामागची भावना मानली जाते. आज ज्या रायफलीवर फूल शाबूत आहे तिला बाजारात अधिक मोल येते. पण फूल घासलेली रायफल कमी अस्सल कशी? घासल्याच्या त्या खरबरीत ओरखड्यात एका साम्राज्याचा अंत नोंदलेला आहे. तेथे फूल पुन्हा कोरणे हेच खोटे ठरेल. येथे पुसण्याची कृतीच लेखन झाली आहे.

याहून कठीण उदाहरण इस्रायलचे आहे. १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून विकत घेतलेल्या शस्त्रांत जर्मन बनावटीच्या माउझर रायफली होत्या. त्यांपैकी काहींवरील नाझी राजवटीचे शिक्के काढून टाकले गेले, काहींवर ते तसेच राहिले आणि त्यांच्याजवळ नव्या सैन्याची खूण उमटली. युगोस्लाव्हियानेही युद्धानंतर आपल्या कारखान्यात माउझर दुरुस्त करताना अनेक रायफलींवरील जर्मन चिन्हे काढून आपले राष्ट्रचिन्ह ठोकले. या पुसण्याला इतिहासाचा विध्वंस म्हणता येईल काय? ज्यांच्या आप्तांचा त्या चिन्हाखाली संहार झाला त्यांना ते चिन्ह हातात बाळगण्याची सक्ती कोणता इतिहासकार करू शकेल? मला असे वाटते की, खूण पुसण्याचा अधिकार तिचा घाव ज्याने सोसला त्याला असू शकतो. ती पुन्हा रंगवण्याचा अधिकार मात्र नंतर येणाऱ्या कोणालाही नाही. जी व्यक्ती पुसते ती स्वतःच्या वतीने, स्वतःच्या काळात एक विधान करते. जी व्यक्ती पूर्ववत करते ती दुसऱ्याच्या तोंडी विधान घालते.

या कसोटीवर एक साधे उदाहरणही तपासता येईल. महायुद्धातून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी हस्तगत केलेल्या माउझरचा कुंदा पुढच्या पट्टीखाली कापून ती प्रवासी पिशवीत बसवली. आज काही संग्राहक तो कापलेला कुंदा टाकून देऊन त्या काळचा, त्या कारखान्याचा 'योग्य' कुंदा बसवतात. रायफल पूर्वीपेक्षा अधिक शुद्ध दिसते आणि तिच्या आयुष्यातील एकमेव निश्चितपणे मानवी प्रसंग, एका तरुणाने करवतीने केलेला आडवा छेद, कायमचा नाहीसा होतो.

५

दुरुस्ती आणि बनावट यांतील सीमारेषा भाग बदलण्यापाशी नसून बदल झाल्याची खूण दडवण्यापाशी आहे, असे आतापर्यंतच्या विवेचनावरून म्हणता येईल. पाठचिकित्सेला हे तत्त्व आपल्या पद्धतीने ज्ञात होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती 'शुद्ध महाभारत' म्हणून पुष्कळदा गौरवली जाते, आणि तेवढ्याच वेळा तिच्यावर 'जे महाभारत कोणी कधी वाचलेच नाही ते संपादकांनी निर्माण केले' असा आक्षेपही घेतला जातो. दोन्ही बाजू त्या आवृत्तीचे पान नीट पाहत नाहीत. स्वीकारलेल्या श्लोकात जेथे संपादकाला पुरेशी खात्री नाही तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. नाकारलेल्या ओळी फेकून न देता तारांकित क्रमांकांनी पानाच्या तळाशी ठेवल्या आहेत. मोठे प्रक्षेप परिशिष्टात आहेत. म्हणजे जुना क्रमांक घासून काढलेला नाही. त्यावर आडवी रेघ मारून तो वाचता येईल असा राखलेला आहे. व्यासांच्या मुखातून निघालेली संहिता आपण देत आहोत असा दावा सुकथनकरांनी केला नव्हता. उपलब्ध प्रती जेथपर्यंत नेतील तेथपर्यंतच जायचे, ही त्यांची मर्यादा होती. देरिदाने १९६७ मध्ये शब्दावर फुली मारूनही तो वाचनीय ठेवण्याची जी रीत चर्चेत आणली, तिची तात्त्विक बैठक निराळी आहे. परंतु रद्द केलेले दृश्य ठेवण्याची शिस्त आपल्या संपादकांनी त्याआधी तीन दशके पाळली होती, हे नोंदवण्यासारखे आहे.

याच्या शेजारी एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण ठेवून पाहावे. त्यांच्या काळी प्रती भ्रष्ट झाल्या होत्या आणि वाचकांच्या, श्रोत्यांच्या जिवंत समुदायाला वापरता येईल असा पाठ हवा होता. शस्त्रागारातील कारागिराप्रमाणे एकनाथांनी भाग तपासले, बसवले आणि ग्वाही दिली. कोणता शब्द कोणत्या प्रतीतून घेतला याची नोंद ठेवण्याचा संकेत त्या काळात नव्हता, म्हणून त्यांच्यावर लबाडीचा आरोप करणे ऐतिहासिक दृष्टीचा अभाव दाखवणारे ठरेल. त्यांचा वाचक भाविक होता, आणि त्याला दिलेले वचन त्यांनी पाळले. तरीही त्या कार्याची किंमत पुढच्यांना मोजावी लागली. एकनाथपूर्व पाठाचा शोध हा मराठी संशोधनाचा एक दीर्घ ध्यास झाला. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, आणि तिच्या भाषेविषयी व प्रामाण्याविषयी वाद सुरू झाले. त्या वादांमागे हीच जाणीव आहे : यशस्वी दुरुस्ती आपल्या आधीचे जग अदृश्य करते, आणि ती जितकी प्रेमाने केलेली असेल तितकी अधिक.

याचा अर्थ असा की, खूण राखण्याचे कर्तव्य काळनिरपेक्ष नाही. वापरात असलेल्या वस्तूवर पहिला हक्क वापरणाऱ्याचा असतो. ज्या सैनिकाला बर्फात ती रायफल चालवायची होती त्याला झारच्या गरुडाविषयी कर्तव्य नव्हते. परंतु वस्तू वापरातून निघून साक्षीच्या क्षेत्रात आली, की कर्तव्याचे स्वरूप बदलते. तेव्हापासून तिला 'चांगली' करण्याचा प्रत्येक प्रयत्न साक्षीदाराला पढवण्यासारखा होतो. समीक्षक, संग्राहक, संपादक हे सगळे या दुसऱ्या क्षेत्राचे रहिवासी आहेत. पहिल्या क्षेत्राची सूट त्यांना मागता येणार नाही.

६

येथवर मिश्र रायफलीच्या बाजूने बरेच बोलून झाले. तिला एक प्रामाणिक संहिता म्हणून वाचण्याचा मोह आता टाळता येण्यासारखा नाही, आणि नेमके येथेच थांबून विचार करणे अगत्याचे आहे. तिच्या खुणा आपल्याला काय सांगतात? कोणी बनवली, केव्हा बनवली, कोणाच्या मालकीची होती, कोणी तपासली. तिच्या अस्तित्वाचे प्रयोजन असलेली जी कृती, तिच्याविषयी ती एक अक्षरही सांगत नाही.

१९१८ चे यादवी युद्ध आणि त्याच्या आगेमागे घडलेले सूडसत्र यांत फिनलंडमध्ये ३६ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य तांबड्या पक्षाची होती. रणांगणापेक्षा फाशीच्या भिंतींपाशी नाही तर बंदिछावण्यांतील उपासमारीने आणि रोगराईने मरणारेच अधिक. छावण्यांतील बळी १२ हजारांच्या वर गेले. जिभेखाली १८९६ ही तारीख असलेला एखादा रिसीव्हर त्या वसंत ऋतूत तांबड्या कामगाराच्या हातात असेल, गोऱ्या शेतकऱ्याच्या हातात असेल, किंवा आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या. ज्या नळीतून त्या वेळी गोळी सुटली ती नळी पुढे काढून टाकली गेली. ज्या बोल्टने काडतूस आत ढकलले तो कोणत्या पेटीत पडला ते शोधता येत नाही. अपराधाचे हत्यार शोधू जावे तर ते दहा हत्यारांत वाटले गेलेले असते. सुट्या भागांच्या अदलाबदलीच्या आदर्शात हा परिणामही अनुस्यूत होता. भाग बदलता यावा म्हणून बनवलेली वस्तू, माणूसही बदलता यावा म्हणून उभारलेल्या सैन्याचे साधन होती, आणि दोहोंत उत्तरदायित्व कोणत्याही एका ठिकाणी साचत नाही. क्रमांक रायफलीला होता, सैनिकालाही होता. जो समोर पडला त्याच्या नावाची नोंद रायफलीवर करण्याची पद्धत कोणत्याही देशात नव्हती.

म्हणून संमिश्र वस्तूच्या वाचनाला दुहेरी शिस्त हवी. जे कोरलेले आहे ते पुसू नये, आणि जे कोरलेले नाही ते कल्पनेने कोरू नये. पहिली चूक बाजार करतो. दुसरी आपल्यासारखे, संहिता वाचण्याची सवय झालेले लोक करतात. तीन साम्राज्यांचे शिक्के एका पोलादावर पाहिले की आपल्याला लगेच कथा सुचते, आणि कथेत नायक लागतो. इतिहासाची ही वळणे आपल्याला सुंदर वाटू लागतात. वस्तूच्या मिश्रतेचे आपण जे सौंदर्यशास्त्र रचतो त्यात मेलेला माणूस पुन्हा एकदा मारला जाण्याचा धोका असतो, कारण त्याच्या मरणाची नोंद नसलेल्या रिकाम्या जागेत आपण आपला अर्थ भरलेला असतो.

रोलाँ बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली तेव्हा संहितेवरील एका मालकीचा अंत झाला, हे योग्यच झाले. पण लेखक नाहीसा झाल्यावर सारी सत्ता वाचकाकडे येते, हा त्यातून काढलेला निष्कर्ष अशा वस्तूंपुढे टिकत नाही. येथे निर्माता अनेक आहेत, मालक अनेक आहेत, वाचकही अनेक होऊ शकतात. परंतु जिच्यामुळे या साऱ्याला नैतिक वजन आले ती व्यक्ती यांपैकी कोणत्याच गणनेत नाही. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नाही. तिची जागा रिकामी आहे एवढे दिसत राहील अशा रीतीने वस्तू सांभाळणे मात्र आपल्या हातात आहे. न जुळणारे क्रमांक, कापलेला कुंदा, घासलेले फूल, नागमोडी रेघ यांचे मोल या दृष्टीने ठरवावे लागेल. त्या प्रत्येक ठिकाणी नोंद कोठे तुटते हे कळते, आणि आपण कोठवर बोलू शकतो याचीही मर्यादा तेथेच आखली जाते.